पावलांची मोजणी

देहूहून निघालेली तुकाराम महाराजांची पालखी सणसर सोडते, बेलवाडीला गोल रिंगण होते आणि मग आमच्या लासुर्ण्यावरून ती अंथुर्णे, निमगाव केतकीच्या वाटेला लागते. त्या दिवशी आमच्या गावात चुलीला उसंत नसते. मागच्या वर्षी मी मात्र भाकरी थापायच्या कामातून अंग काढून घेतले आणि वही-पेन्सिल घेऊन रस्त्याकडेच्या एका माडीवर जाऊन बसले. समोरून जाणारी माणसे मोजायची, असे मी ठरवले होते. एक माणूस, एक रेघ. चार उभ्या रेघा झाल्या की पाचवी आडवी. घरात सगळ्यांनी मला वेड्यात काढले. पहिली दोन मिनिटे बरी गेली. तिसऱ्या मिनिटाला एक दिंडी आली. टाळकरी मागेपुढे पावले टाकू लागले, त्यांतून वाट काढीत डोक्यावर तुळशी घेतलेल्या बायका पुढे निघाल्या, मध्येच सामानाचा ट्रक आडवा आला, आणि दोनशेच्या आसपास माझा जो घोटाळा झाला तो काही निस्तरला नाही. वही मिटली आणि मुकाट्याने खाली येऊन परातीपुढे बसले.

हा उद्योग मी का केला ते सांगायला हवे. माझी आजी यात्रा-जत्रांची मोठी हौशी. तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघी एका देवस्थानाच्या यात्रेला गेलो होतो. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. दर्शनाची वाट एका बोळातून होती. पुढची माणसे थांबलेली होती आणि मागची येतच होती. कोणी कोणाला ढकलत नव्हते, तरी सगळेच ढकलले जात होते. आजी एकदम म्हणाली, "पोरी, पाय टेकंनात गं." मला वाटले ती चेष्टा करते आहे. खाली पाहायलाही जागा नव्हती. पण खरोखरच तिचे पाय जमिनीला लागत नव्हते, गर्दीनेच तिला उचलून धरले होते. माझे दोन्ही हात छातीशी अडकले होते आणि श्वास घ्यायचा तर समोरच्याच्या पाठीने तो घेऊ दिला पाहिजे, अशी अवस्था होती. किती वेळ गेला कोण जाणे, कुठेतरी काहीतरी सैल झाले आणि आम्ही एका दुकानाच्या ओट्यावर फेकल्या गेलो. आजीच्या बांगड्या फुटल्या होत्या, एक चप्पल गेली होती. पाणी प्याल्यावर ती एवढेच म्हणाली, "आता यात्रा बास." त्यानंतर ती कुठेही गेलेली नाही. पालखीसुद्धा ती घराच्या उंबऱ्यातूनच पाहते. सिंहस्थात गोदावरीत एक बुडी मारायची तिची फार जुनी इच्छा आहे, तीही तिने बोलायची सोडली.

चेंगराचेंगरी म्हणजे लोक पळाले, पडले आणि तुडवले गेले, असे आपण समजतो. वर्तमानपत्रातही बहुधा तसेच येते. पण या विषयाचा अभ्यास करणारे सांगतात की अशा प्रसंगी पुष्कळशी माणसे उभ्याउभ्याच गुदमरून जातात. एक चौरस मीटर, म्हणजे एका माणसाला मांडी घालून ऐसपैस बसता येईल एवढी जागा घ्या. तेवढ्या जागेत दोन माणसे असली तर ती आपापल्या मर्जीने चालतात. चार झाली की पाऊल लहान होते. पाच-सहाच्या वर गेली की माणूस माणूस राहत नाही, तो पाण्याचा थेंब होतो. मागे कोणी अर्धे पाऊल सरकला तरी त्याची लाट पुढे जाते आणि पुढे जाता जाता मोठी होते. त्या लाटेपुढे तरण्या गड्याचेही काही चालत नाही. आजीचे पाय उचलले गेले ते अशाच लाटेने.

पाण्याची उपमा मी उगाच दिलेली नाही. आमच्या भागात नीरा डाव्या कालव्याचे पाणी आहे आणि पाटाची पाळी काय असते हे आमच्याकडे पोरासोरांना कळते. दारे मोठे उघडले आणि सरी तेवढे पाणी घेईना, तर पाणी तुंबते. आधी दिसत नाही. मग एकाएकी बांध फुटतो, आणि तो फुटतो ती जागा दाऱ्यापासून लांब, भलतीकडेच असते. गर्दीचे गणितही तसेच आहे. एका बोळात मिनिटाला १०० माणसे शिरत असतील आणि पलीकडून ८० च बाहेर पडत असतील, तर मिनिटाला २० माणसे आत साठतात. अर्ध्या तासात ६०० होतात. शिरणाऱ्याला पुढचे तुंबलेले दिसत नाही, अडकलेल्याचा आवाज मागे पोचत नाही. बोळाच्या तोंडाशी उभा असलेला पोलीसही शेवटी आमच्यासारखाच पाच फूट उंचीवरून पाहत असतो. तेव्हा बोळ भरल्यावर काय करायचे हा प्रश्नच उशिराचा आहे. दाऱ्यातून किती पाणी चालले आहे हे कळले पाहिजे, आणि ते मिनिटामिनिटाला कळले पाहिजे.

हे न कळल्याची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. २५ जानेवारी २००५ रोजी वाई तालुक्यात मांढरदेवीच्या यात्रेत अडीचशेहून अधिक माणसे गेली. नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, दोन्ही बाजूंची दुकाने, मग आग. आमच्या घरात आजही मांढरदेवीचे नाव निघाले की आजी हात जोडते आणि विषय बदलते. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर पावसात अडकलेल्या गर्दीत २३ जण गेले. ते तर कामावर निघालेले लोक होते, तिथे ना यात्रा ना देव. आणि नाशिकला, २७ ऑगस्ट २००३ रोजी, सिंहस्थाच्या शाही स्नानाच्या दिवशी रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर ३९ भाविक मरण पावले. मिरवणुकीत नाणी उधळली गेली आणि ती उचलायला लोक वाकले, असे त्या वेळी बातम्यांत आले होते. असेलही. पण मला वाटते, मोकळ्या मैदानात कोणी नाणी उधळली असती तर फार तर चार जणांची डोकी आपटली असती. बोळ आधीच काठोकाठ भरलेला होता, नाणे हे निमित्त.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या मुलाकडे येते. नीलय कुलकर्णी हा नाशिकचा. २०१५ च्या सिंहस्थाची तयारी चालू होती तेव्हा तो १५ वर्षांचा होता, म्हणजे शाळकरीच. त्याचे सोबती वीस-बाविशीतले. या मंडळींनी गर्दी मोजणारी एक चटई तयार केली आणि तिचे नाव ठेवले 'आशिओतो'. जपानी भाषेत याचा अर्थ पाऊल वाजण्याचा आवाज. पुढे नीलयने टेड नावाच्या प्रसिद्ध व्याख्यानमालेत या कामाची हकीकत सांगितली. आमच्या भूगोलाच्या मॅडमनी लोकसंख्येचा धडा शिकवताना तिचा उल्लेख केला आणि मी ती भाऊच्या मोबाइलवर शोधून काढली. व्याख्यान इंग्रजीत आहे. मी थांबवून थांबवून तीनदा ऐकले, तेव्हा कुठे सगळे कळले.

हल्ली 'स्टार्टअप' हा शब्द फार ऐकू येतो. आपल्या डोळ्यांपुढे येते ती हिंजवडीची काचेची इमारत. इथे तसे काही नव्हते. नाशिकचेच रमेश रासकर अमेरिकेत एमआयटी या संस्थेत प्राध्यापक आहेत. त्यांच्या पुढाकाराने 'कुंभथॉन' नावाचा उपक्रम त्या वेळी नाशकात चालू होता. कुंभमेळ्यात येणाऱ्या अडचणींवर गावातल्याच पोरांनी डोके चालवावे, अशी ती कल्पना. म्हणजे गिऱ्हाईक कोण, तर अख्खा मेळा. काम कसले, तर पंधरा लाख वस्तीच्या गावात त्याच्या कितीतरी पट माणसे येणार, ती मोजायची. आणि मुदत? ही गोष्ट मला सर्वांत विलक्षण वाटते. एरवी धंद्यात मुदत वाढवून मागता येते. इथे गुरू सिंह राशीत जाणार त्यावर मुहूर्त ठरलेले. २९ ऑगस्ट, १३ सप्टेंबर आणि १८ सप्टेंबर २०१५ ही नाशिकची तीन शाही स्नाने. त्या दिवशी यंत्र चालले तर चालले, नाहीतर पुढची संधी बारा वर्षांनी. चाचणी म्हणून अर्धा कुंभमेळा भरवून बघता येत नाही.

पहिली चटई त्यांनी तीन दिवसांत केली, पुठ्ठ्याची आणि ॲल्युमिनियमच्या पातळ कागदाची, ज्यात आपण पोळ्या गुंडाळतो तो. पाय पडला की वरचा कागद खालच्याला टेकणार, विजेचे वर्तुळ पुरे होणार आणि एक आकडा वाढणार. घंटीचे बटण असते तेच तत्त्व. ती चालली. पण पुठ्ठा तो पुठ्ठाच. मग दुसरी केली, तिच्यात दाबाने वीज सोडणाऱ्या चकत्या घातल्या. आपण गॅस पेटवायला जो खटका दाबतो, ज्यात ना काडी ना सेल आणि तरी ठिणगी पडते, त्याच्यात असाच पदार्थ असतो. दाब बसला की त्यातून क्षणभर वीज निघते. हाताऐवजी पायाने दाबायचे, एवढाच फरक.

ही दुसरी चटई घेऊन ते गावभर हिंडले. उपाहारगृहे, मॉल, देवळे, अशा ३० ठिकाणी त्यांनी ती लोकांच्या पायाखाली घालून पाहिली. या हिंडण्याची हकीकत मला त्या सगळ्या व्याख्यानात जास्त आवडली, कारण इथे यंत्राची नव्हे तर माणसांची परीक्षा झाली. चटई रंगीत होती तेव्हा लोक बिचकत. पाय दिला तर शॉक बसेल का, असे विचारत. आणि ते विजेचे काहीतरी आहे असे स्पष्ट दिसले की सरळ उडी मारून पलीकडे जात. झाले! मोजायचे पाऊल हवेतून गेले. माझी आजी असती तर तिने उडी तर मारली असतीच, वर चटईला नमस्कारही केला असता.

म्हणून ठरले की चटई दिसताच कामा नये. धोक्याच्या यंत्रांभोवती कारखान्यात एक पट्टा टाकतात, माणसाचा पाय त्यावर पडला की यंत्र बंद होते. तो पट्टा त्यांनी मोजणीसाठी घेतला आणि वरून काळ्या रबराचे आवरण घातले. काळ्या रबरावर धूळ बसते. थोड्या वेळात चटई आणि रस्ता यांत फरक उरत नाही. धुळीबद्दल आपण सदा तक्रार करतो, इथे ती बिनपगारी कामाला आली.

रुंदी किती ठेवायची, याचाही विचार आहे. अरुंद ठेवली तर लांब ढांग टाकणारा तिला न शिवता ओलांडून जाणार. फार रुंद ठेवली तर एकाच माणसाची दोन पावले पडून एकाचे दोन होणार. माणसांची चाल पाहून, निरनिराळ्या मापांच्या चटया करून, शेवटी त्यांनी १८ इंच हे माप धरले. १८ इंच म्हणजे आपला बरोबर एक हात. जाडी १२ मिलिमीटरच्या आत, म्हणजे अर्ध्या इंचालाही थोडी कमी. कारण त्याहून उंच झाली तर कोणीतरी ठेचकाळेल, आणि चेंगराचेंगरी टाळायला घातलेल्या चटईनेच ती सुरू होईल. कामाचा खरा दाब म्हणतात तो हा असावा. बहुतेक यंत्रे बिघडली तर काम होत नाही, एवढेच. हे यंत्र चुकले तर ज्यांच्यासाठी केले त्यांचाच जीव जायचा.

चटईला जोडलेले यंत्र मोजलेला आकडा मोबाइलच्या जाळ्यातून पुढे पाठवते आणि दूर बसलेल्याला आपल्या पडद्यावर कळते की अमुक वाटेवरून मिनिटाला इतकी माणसे चालली आहेत. आकडा वाढू लागला की पुढच्या चौकात गर्दी केव्हा थडकणार याचा अंदाज बांधता येतो, कारण माणसाच्या चालण्याचा वेग काही फारसा बदलत नाही. कालव्याच्या मोरीवर उभा असलेला पाटकरी शेपटाला पाणी केव्हा पोचेल हे सांगतो, तसेच.

२०१५ च्या मेळ्यात या चटयांनी १८ तासांत ५ लाखांहून अधिक माणसे मोजली, असे नीलय सांगतो. मी हिशेब केला. सरासरी मिनिटाला साडेचारशेच्या वर पडतात. मी माडीवर बसून दोनशेला गडबडले होते हे वाचकांच्या लक्षात असेलच.

त्या वर्षी नाशकात चेंगराचेंगरी झाली नाही. त्याचे सगळे श्रेय चटईला देणे मात्र मला पटत नाही, आणि शहाण्या माणसाने तसा दावा करूही नये. पोलिसांचा बंदोबस्त मोठा होता, रस्ते रुंद केले होते, नवे घाट बांधले होते. उलट, पहिल्या शाही स्नानाला अंदाजापेक्षा कमी लोक आले आणि अडथळे इतके ठिकठिकाणी होते की म्हाताऱ्या माणसांना मैलोन्‌मैल चालावे लागले, अशी ओरड झाली होती. तीही मोजणी नीट नसल्याचीच एक तऱ्हा. किती येणार हे ठाऊक नसले की भीतीने सगळेच दरवाजे बंद केले जातात.

चटईच्या उणिवा मलाही दिसतात. कडेवरचे मूल आईच्या पावलात जाते. खांद्यावर बसलेली म्हातारी मुलाच्या पावलात जाते. कोणी मध्येच थांबला, वळला, परत फिरला तर काय? या सगळ्याला काही तोड काढता येईल. पण ज्याला तोड नाही अशीही एक गोष्ट आहे. आकडा कळल्यावर कोणीतरी उठून मागच्या वाटेवर माणसे थोपवली पाहिजेत. २९ जानेवारी २०२५ च्या पहाटे प्रयागराजच्या महाकुंभात मौनी अमावास्येला चेंगराचेंगरी झाली. सरकारी आकडा आधी ३० मृतांचा आला. त्या मेळ्यात कॅमेरे थोडे नव्हते, आणि गर्दी मोजणारी संगणकाची व्यवस्थाही होती.

याच्या उलट मी वारीकडे पाहते. बेलवाडीच्या रिंगणात एवढा मोठा समुदाय असतो, अश्व धावतो, पताकावाले धावतात, विणेकरी धावतात, तुळशीवाल्या बायका धावतात, आणि तरी मधली जागा मोकळी राहते. तिथे चटई नाही. प्रत्येक जण कोणत्या ना कोणत्या दिंडीचा आहे, प्रत्येक दिंडीची जागा ठरलेली आहे आणि चोपदाराचा शब्द मोडायचा नाही हे सर्वांना ठाऊक आहे. दिंडी म्हणजे एका परीने आधीच मोजून ठेवलेली गर्दी. यात्रेच्या बोळात असलेला माणूस मात्र कोणाचाच नसतो, तो एकटाच गर्दीत आलेला असतो. पण वारीचेही पूर्वीचे दिवस राहिलेले नाहीत. दिंडीबाहेरची माणसे, गाड्या, फोटो काढणारे, यांनी आमचा रस्ता भरून जातो. माझ्या रेघांचा घोटाळा दिंडीने केला नव्हता, दिंडीच्या कडेने चाललेल्यांनी केला होता.

२०२७ साली नाशिक-त्र्यंबकेश्वरला पुन्हा सिंहस्थ आहे. ज्येष्ठातल्या एका रात्री मी आजीला ही चटईची सगळी गोष्ट सांगितली. ती वाती वळत होती. पुठ्ठ्याची चटई ऐकून हसली, लोक उडी मारायचे ते ऐकून जास्तच हसली.

"आन् मोजून कुणाला सांगतीया ती?" तिने विचारले.

"पोलिसांना."

"मंग पोलीस काय करत्यात?"

"मागची माणसं थांबवतात."

आजीने वात बोटात धरून ठेवली. "थांबत्यात व्हय?"

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी म्हटले, थांबवायची वेळ कधी आली ते तरी कळते. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग नाशिकला जायला आमच्याकडून किती गाड्या बदलाव्या लागतात, असे तिने सहज विचारल्यासारखे विचारले.

यंदा पालखी येईल तेव्हा मी पुन्हा माडीवर बसणार आहे. या वेळी एक मैत्रीण बरोबर घेणार आहे. तिने घड्याळ पाहायचे आणि मी रेघा मारायच्या. सबंध रस्ता मोजण्याच्या नादी न लागता, पलीकडच्या विजेच्या खांबापाशी एक रेषा मनात धरून तेवढीच ओलांडणारी माणसे मोजायची. आजी म्हणते, "मला बी घे वर. ट्रक आला की मी सांगंन."